गवत राखायचं म्हणजे

यंदा शेतात काय लावलं असं गावाकडे कोणी विचारलं आणि मी गवत म्हणालो की समोरचा जरा थांबतो, याला पुढे काहीतरी सांगायचं असेल म्हणून. मग तोच मदत करतो, नेपियर का? लसूणघास? गोठा टाकला का काय? नाही हो, साधं गवत. मारवेल, पवन्या, डोंगरी, आपल्या बांधावर नाल्यावर आपोआप यायचं ते. आमच्या जिभाऊंना पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ते खाटेवरून न उठता म्हटले, "गवत पेरस का रे कोन्ही? ते ते आपोआप उगस." एवढं बोलून त्यांनी चहा मागवला, त्यांच्या लेखी विषय संपला होता.

जिभाऊंचं निम्मं बरोबर आहे म्हणूनच एवढं लिहायला बसलोय. गवत आपोआप उगतं हे खरं, पण कुठलं गवत उगतं आणि ते किती वर्षं टिकतं हे काही आपोआप ठरत नाही, त्याच्यात ढोरं असतात, मेंढ्या असतात, सरपणाला येणाऱ्या बाया असतात आणि उन्हाळ्यात बिडी पेटवून काडी तशीच फेकणारा एखादा महाभाग पण असतो.

आधी रान सांगतो. खान्देश म्हटलं की बाहेरच्या माणसाला केळी आठवते आणि भरीत आठवतं. ते रावेर-यावलकडचं, तापीच्या काळ्या जमिनीचं, आणि तिकडे पाणी किती खोल गेलंय तो वेगळाच विषय आहे. आमचं रान शिंदखेडा तालुक्यात, दोंडाईच्याच्या रस्त्यावरून आत गेलं की डोंगराच्या उताराला. इकडचा पाऊस सरासरी 500-600 मिलिमीटर, तो पण जूनला तोंड दाखवून जुलैत दडी मारणारा. उताराच्या वरच्या अंगाला उघडा मुरूम, मधे वीतभर माती, आणि खाली नाल्याकाठी काळ्याची एक अरुंद पट्टी. आजोबांच्या वेळेला वर बाजरी-मटकी आणि खालच्या पट्टीत दादर घ्यायचे, म्हणजे आपली रब्बीची ज्वारी, तिचा कडबा बैलांना. बैलजोडी तापीकाठच्या थिल्लारींची, खिल्लारचाच तो खान्देशी प्रकार, चालीला तेज आणि डोक्याने त्याहून तेज. मग बैल गेले, मजुरी परवडेना, मुरमावर ट्रॅक्टर चढवायला कोणी तयार होईना, आणि वरचं रान सुटलं ते सुटलंच.

सुटलेल्या रानात गवत येतं ना, आलंच की. पण काय आलं? कुसळी. पावसाळ्यात हिरवंगार दिसतं, फोटो काढायला मस्त, आणि ऑक्टोबरात त्यातून चालून बघा, पँटीला, मोज्याला, बुटाच्या लेसला सगळीकडे काळपट सुया. कुसळीच्या बीला जी लांब शेपटी असते ती ओल लागली की उलगडते आणि वाळली की पिळली जाते, त्यामुळे बी स्वतःला स्क्रूसारखं जमिनीत घुसवून घेतं. झाडाच्या दृष्टीने भारी युक्ती, पण तेच बी मेंढीच्या लोकरीतून कातडीत जातं, तोंडात जखमा करतं. फुलोऱ्याच्या आधी कोवळी असताना जनावरं ती खातात, नंतर तोंड लावत नाहीत. म्हणून ती वाढते. जे खाल्लं जातं ते मागे पडतं आणि जे खाल्लं जात नाही ते बी टाकून मोकळं होतं, असं दहा-वीस वर्षं चाललं की चांगलं गवत फक्त अडचणीच्या जागी उरतं, काटेरी झुडपाच्या पोटात, मसणवटीत, कुंपणाच्या आत, रेल्वेलाइनच्या कडेला. तुम्ही सुरत-भुसावळ लाइनने कधी सप्टेंबर-ऑक्टोबरात गेलात तर मोबाइल खाली ठेवून खिडकीतून रुळाच्या कडेचं गवत बघा आणि मग तारेपलीकडचं गायरान बघा, माती तीच, पाऊस तोच.

दाबडघाव आणि शंकरनारायण या दोन शास्त्रज्ञांनी 1973 साली अख्ख्या देशातल्या गवताळ भागाचे 5 प्रकार पाडले होते, त्यात आपल्या दख्खनच्या पठारावरच्या प्रकाराला त्यांनी नावच सेहिमा-डायकॅन्थियम दिलं. सेहिमा म्हणजे पवन्या आणि डायकॅन्थियम म्हणजे मारवेल. हे वाचलं तेव्हा मला आमच्या रानाची जरा कीवच आली, कारण ज्या दोन गवतांच्या नावाने हा सगळा मुलूख ओळखला जावा त्यातलं एक आमच्याकडे नाल्याकाठी चार ठोंबांपुरतं होतं आणि दुसरं शोधावं लागलं.

ओळखायला मारवेल सगळ्यात सोपं. काडीच्या प्रत्येक पेरावर पांढऱ्या केसांचं बारीक कडं असतं, आणि वर बोटं पसरल्यासारखा जांभळट तुरा. ते काळ्या आणि मध्यम जमिनीत रमतं, ओल थोडी जास्त असली तरी चालते. पवन्या आणि डोंगरी मात्र मुरमाची मंडळी, उथळ, दगडी, निचरा होणाऱ्या उतारावर. हे समजून घेतलं की निम्मं काम झालं, कारण सगळीकडे मारवेलच लावायचं म्हटलं तर वरच्या मुरमावर ते पहिल्या खंडातच मान टाकतं. आमच्या रानात म्हणून तीन पट्टे आहेत, खाली मारवेल, मधे पवन्या-डोंगरी, आणि अगदी माथ्यावर कुसळी तशीच ठेवलीय, तिचं काय करतो ते पुढे येईल.

ही गवतं दुष्काळ कशी काढतात याचं मला अजून कौतुक वाटतं. एप्रिल-मे मध्ये बघायला आलेला माणूस म्हणतो की मेलं सगळं, पिवळं पडून पार भुसा झालंय. पण ठोंबाच्या बुडाशी, मातीच्या थोडंसं वर-खाली, कोंब जिवंत असतात आणि वरचा वाळलेला पालाच त्यांना सावली देतो. पहिला चांगला पाऊस झाला की आठवड्याभरात बुडातून हिरवं दिसायला लागतं, बी रुजायची वाट बघावी लागत नाही. म्हणून ठोंब वरून अगदी जमिनीलगत खरवडून खाल्ला जाऊ नये, बोटभर नाही तर चांगला वीतभर बुडखा राहिला पाहिजे. सगळी गंमत त्या वीतभर बुडख्यात आहे आणि सगळी भांडणं पण त्याच्यावरूनच होतात.

लावायचं कसं, हे बरेच जण विचारतात. बियाणं हा यातला सगळ्यात वैतागाचा भाग. मारवेलचं बी म्हणजे केसाळ, हलकं, मुठीत घेतलं तर कापूस धरल्यासारखं वाटतं, आणि पेरायला गेलात की वाऱ्याने शेजाऱ्याच्या शेतात. शिवाय ताजं बी नीट उगवत नाही, काही महिने झोपूनच राहतं, म्हणून या हंगामात झोडलेलं बी पुढच्या जूनला वापरायचं. झाशीच्या भारतीय चारा संशोधन संस्थेने, 1962 पासून ही संस्था गवतावरच काम करतेय, अशा हलक्या बियांसाठी माती-शेणाच्या गोळ्या करायची पद्धत सांगितलीय, आणि ती खरंच चालते. माती, शेणखत, बी, थोडं पाणी, हातावर वळायच्या छोट्या गोळ्या आणि सावलीत वाळवायच्या. आमच्या घरी मे महिन्यात हे काम चालतं, पोरं सुट्टीला आलेली असतात, पापड-कुरडयांचं वाळवण एकीकडे आणि गवताच्या गोळ्या दुसरीकडे, आणि माझी बायको दर वर्षी बजावते की दोन्ही एकाच चादरीवर टाकू नका. पेरताना खोल गाडायचं नाही, एक सेंटिमीटर पण जास्तच होतं, नुसतं ओरखडलेल्या मातीवर टाकायचं आणि काटेरी फांदी फिरवायची.

पण घाई असेल आणि हाताखाली माणसं असतील तर ठोंब बरे. जुना ठोंब खणायचा, फोडायचा, मुळासकट दोन-तीन फुटवे एका जागी लावायचे. दीड फूट बाय एक फुटावर लावलं तर एकराला तीस हजाराच्या आसपास जागा होतात, त्यामुळे पूर्ण एकर एकदम लावायच्या भानगडीत मी पडत नाही, समतल चर काढायचे आणि चराच्या खालच्या भरावावर दोन ओळी लावायच्या, बाकीचं काम ती गवतं दोन-तीन पावसाळ्यांत बी टाकून स्वतः करतात. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने मारवेलच्या सुधारित जाती पण काढल्यात, कापून खायला घालायचं असेल, थोडं पाणी असेल, तर त्या घ्याव्यात, उत्पन्न जास्त. मला उतारावर चरायला आणि राखायला पाहिजे होतं म्हणून मी इथल्याच रानातलं बी धरून बसलो. हा माझा हट्ट आहे असं म्हणा हवं तर, पण इथल्या मुरमाची, इथल्या जुलैच्या खंडाची सवय ज्याला पिढ्यान्‌पिढ्या झालीय ते बी मी कशाला सोडू.

आता हिशोब. कोरडवाहू उतारावर एकरी 10 क्विंटल वाळलं गवत धरा, बरं वर्ष असेल तर जास्त, वाईट असेल तर निम्मं. त्यातलं अर्धंच खाऊ द्यायचं, अर्धं ठोंबासाठी आणि मातीसाठी. राहिलं 5 क्विंटल. एक मेंढी दिवसाला साधारण किलोभर वाळला चारा खाते, म्हणजे शंभर मेंढ्यांचा कळप दिवसाला क्विंटल, म्हणजे एक एकर शंभर मेंढ्यांना पाच दिवस. पाच दिवस फक्त! हा हिशोब मी पहिल्यांदा वहीवर मांडला तेव्हा दोन गोष्टी एकदम कळल्या. एक, चारशे-पाचशे मेंढ्या घेऊन फिरणारा माणूस का सतत फिरत असतो. दुसरी, आमच्या रानात त्याने आणखी आठवडाभर मुक्काम वाढवला तर त्याच्या दृष्टीने तो आठवडाच असतो पण ठोंबाच्या दृष्टीने सगळं संपलेलं असतं.

मेंढ्यांवाले म्हणजे आमच्याकडे ठेलारी. धुळे जिल्ह्यात साक्री-शिंदखेड्याकडे त्यांची वस्ती आहे, पावसाळ्यात इकडच्या माळावर असतात आणि दिवाळीनंतर बिऱ्हाड घोड्यावर टाकून कोरडा चारा आणि मोकळी शेतं शोधत लांब निघतात, शेतकरी त्यांना शेतात मेंढ्या बसवायला बोलावतात, लेंडीखत मिळतं आणि बदल्यात धान्य किंवा पैसे देतात. चांगला जुना व्यवहार आहे. पण रान राखायचं म्हटलं की सगळ्यात आधी गावातल्या लोकांचं बोट त्यांच्याकडेच जातं. मला हे पटत नाही. गावातल्या मोकाट शेळ्या वर्षभर बुडखे खातात ते कोणाला दिसत नाही, वर्षातून थोडे दिवस येणारा ठेलारी मात्र लगेच दिसतो, लांबून दिसतो, पागोट्यावरूनच दिसतो.

जिल्ह्यात राखलेल्या रानांची दोन नावं सगळ्यांना माहीत आहेत. धुळे तालुक्यातलं लामकानी, जिथे डॉ. धनंजय नेवाडकरांनी गावाला बरोबर घेऊन चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी केली आणि बोडक्या टेकड्यांवर गवत परत आणलं. आणि साक्री तालुक्यातलं बारीपाडा, तिथलं काम जंगलाचं आहे, चैत्राम पवारांना 2025 ला पद्मश्री जाहीर झाली तेव्हा आमच्या शाळेत पण पोरांना सांगितलं. दोन्हीकडे सुरुवात बंदीपासून झाली. आणि पहिली काही वर्षं बंदी हवीच, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही, लावलेलं गवत पहिल्या पावसाळ्यात एकदा जरी मुळासकट उपटलं गेलं तरी संपलं. पण कायमची बंदी माझ्या डोक्यात बसत नाही. एक तर गवताला खाणारं तोंड लागतंच, वर्षानुवर्षं कापलं-चरलं नाही तर वाळलेला पाला ठोंबात साठत जातो, नवे फुटवे गुदमरतात, आणि मग एक दिवस वणवा येतो. दुसरं म्हणजे, आपण कुंपण घातलं म्हणून मेंढ्या कमी होत नाहीत, त्या पलीकडच्या रानात जातात, आणि आपलं रान हिरवं दाखवताना शेजारचं दुपटीने बोडकं होतं.

बंदीपेक्षा मला त्रास झाला तो झाडांचा. हसू नका. आमच्या शेजारच्या गायरानावर एक संस्था आली, बॅनर, फोटो, पाहुणे, आणि पवन्या जिथे कुठे थोडा उरला होता त्याच टप्प्यावर जेसीबीने खड्डे, प्रत्येक खड्ड्यात रोप. रोपं बहुतेक गेली, इथे टँकरने झाड जगवणार कोण, पण उकरलेल्या मुरमावर गाजरगवत आलं ते आजपर्यंत आहे. म्हणजे 1950 च्या दशकात कुठल्याशा परदेशी गव्हातून आलेलं म्हणतात ते गाजरगवत आमच्या गायरानात शेवटी पर्यावरणाच्या बॅनरखाली शिरलं. मी झाडांच्या विरुद्ध नाही, नाल्याला झाडं हवीत, बांधावर हवीत, उतारावर अधूनमधून बोर, बाभूळ, हिवर असतातच. पण जिथे झाड विरळच असणार अशी पावसाची आणि मातीची जात आहे तिथे गवत हेच पूर्ण रान आहे, ते अर्धवट जंगल नाही. सरकारी नकाशातही असली रानं वर्षानुवर्षं पडीक म्हणूनच रंगवलेली, त्यामुळे कोणालाही वाटतं इथे काहीच नाही, काहीतरी करायला पाहिजे. कोणाला झाडं लावायची, कोणाला सौर पॅनल टाकायचेत. साक्रीच्या शिवाजीनगरचा सौर प्रकल्प, ब्राह्मणवेलच्या पठारावरच्या पवनचक्क्या, हे सगळं आपल्याच जिल्ह्यातलं. वीज मलाही लागते, पण त्या पठारांवर आधी कोणाची जनावरं चरत होती हा प्रश्न कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

आमच्या धाकट्या भावाचं मत उलटं आहे हे पण सांगायला हवं. त्याला एकाने रान भाड्याने द्यायचं विचारलंय पॅनलसाठी, आणि एकरी भाडं गवतापेक्षा कितीतरी जास्त. त्याच्याशी वाद घालताना माझ्याकडे आकडे कमीच पडतात. घरात हा विषय अजून चालू आहे.

आता थोडं लांबचं. मामेभाऊ टेक्सासमध्ये असतो, दक्षिणेकडे, सॅन अँटोनियोच्या खाली. तिकडे पण पाण्याची बोंब सुरू झालीय आणि त्याने घरासमोरचं लॉन काढून बफेलो ग्रास लावलं. हे त्यांच्या प्रेअरीचं मूळ गवत, जमिनीलगत पसरणारं, चार-सहा इंचांपेक्षा फार वर जात नाही, करडं-हिरवं, उन्हाळ्यात पाणी नसेल तर झोपून जातं आणि पाऊस आला की उठतं. नर आणि मादी झाडं वेगळी असतात हे मला त्याच्याकडूनच कळलं. गव्हाच्या नादात त्या लोकांनी मैलच्या मैल प्रेअरी नांगरली, आणि 1930 च्या दशकात दुष्काळ पडल्यावर माती ढगासारखी उडाली, तेव्हा त्यांना या असल्या गवताची किंमत समजली. त्याआधी सुरुवातीला आलेल्या लोकांनी तर याच गवताचे मुळासकट चौकोन कापून घरं बांधली होती, लाकूड मिळत नव्हतं म्हणून. तर हा भाऊ मला एकदा व्हॉट्सॲपवर फोटो पाठवतो, वैतागलेला, की माझ्या बफेलो ग्रासमध्ये एक परकं गवत घुसलंय, उपटून उपटून हात गेले, ते इकडे क्लेबर्ग ब्लूस्टेम म्हणतात, सगळ्या टेक्सासभर माजलंय. मी फोटो मोठा करून बघितला. पेरावर पांढऱ्या केसांचं कडं. बोटांसारखा जांभळट तुरा.

आपलं मारवेल हो!

गेल्या शतकात चाऱ्यासाठी आणि माती धरून ठेवायला तिकडे लावलं आणि ते हाताबाहेर गेलं. म्हणजे ज्याला मी इकडे मे महिन्याच्या उन्हात गोळ्या वळून जगवतोय त्याला माझा भाऊ तिकडे तेवढ्याच उन्हात मुळासकट उपटतोय, आणि गंमत म्हणजे दोघंही बरोबर करतोय. तिकडच्या मातीत त्याला आवरणारं कोणी नाही. त्या दिवशी आम्ही बराच वेळ बोललो, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा अमेरिकेतला पगार आणि इकडची लग्नं सोडून.

त्याचं बघून मी धुळ्यातल्या घरासमोर पण करून पाहिलं. आमच्या कॉलनीत प्रत्येक बंगल्यापुढे लॉन, नर्सरीवाला सिलेक्शन वन नाहीतर मेक्सिकन आणून अंथरून देतो, आणि धुळ्यात नळाला पाणी रोज येत नाही हे काय मी नव्याने सांगायला नको, एप्रिलपासून त्या लॉनसाठी टँकर. मी पुढच्या तुकड्यात हरळी ठेवली, ती आपलीच, आणि कुंपणालगत डोंगरी आणि मारवेलचे ठोंब, एका कोपऱ्यात रोशा. दसऱ्याच्या सुमाराला डोंगरीचे तांबूस तुरे सकाळच्या तिरप्या उन्हात असे दिसतात की फिरायला जाणारे थांबून विचारतात हे कुठल्या नर्सरीतून आणलं. एप्रिलमध्ये तेच लोक विचारतात की तुमच्याकडे कोणी लक्ष देत नाही का, सगळं वाळलंय. वाळूदेत की. उन्हाळ्यात धुळे पिवळंच असतं, माझंच अंगण हिरवं कशाला पाहिजे. बायकोचं याबाबतीत माझ्याशी एकमत नाही, म्हणून तुळशीभोवती आणि मोगऱ्याला पाणी रोज जातं, आणि ते बरोबरच आहे.

रोशाचं सांगायचं राहिलं. तिखाडी पण म्हणतात. पान चुरगाळलं की गुलाब आणि आलं यांच्या मधला कुठलातरी वास येतो. इंग्रजांच्या काळात आपल्या पिंपळनेर-नंदुरबार भागात याच्या तेलाच्या भट्ट्या चालायच्या, डोंगरातलं गवत फुलोऱ्यात कापून आणायचे, तांब्याच्या हंड्यात उकळायचे, आणि ते तेल मुंबईहून बोटीने पार तुर्कस्तानात, तिथे ते गुलाबाच्या अत्तरात भेसळीला. म्हणजे युरोपातल्या बायका ज्या अत्तराला भरपूर पैसे मोजत होत्या त्यात थोडा साक्रीचा डोंगर होता. जनावरं जून रोशा खात नाहीत, त्यामुळे चराईच्या रानात तो वाढलेला दिसला की समजायचं दाब जास्त झालाय, म्हणून मी तो रानात वाढू देत नाही आणि अंगणात मात्र लाडाने ठेवतो.

परत मेंढ्यांकडे येतो कारण खरं काम तिथेच असतं. आमच्याकडे जे ठेलारी येतात त्यातले म्हातारबा, नाव लिहीत नाही, त्यांना आवडायचं नाही, ते गवत माझ्यापेक्षा चांगलं ओळखतात. मी पहिल्यांदा त्यांना आडवा गेलो तेव्हा वहीतला हिशोब घेऊन गेलो होतो, एकरी इतके क्विंटल, मेंढीला इतकं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हटले, मास्तर, आधी कुसळी द्या. मला समजलं नाही. मग त्यांनी समजावलं की कुसळी पोळ्याच्या आधी कोवळी असते, तेव्हा माथ्यावर मेंढ्या सोडल्या तर ती खाल्ली जाते, तिच्या सुया होत नाहीत, बी पडत नाही, आणि त्या काळात खालच्या गवताला हात लागत नाही. कुसळीला मागे रेटायचं ते मेंढ्यांच्याच तोंडाने. सगळे तिला शेवटी ठेवतात म्हणून ती माजते. तेव्हापासून माथा श्रावणात खुला असतो, फक्त पाऊस जोरात असेल आणि माती चिकट असेल तेव्हा नाही, खुरांनी ठोंब उखडतात.

खालच्या पट्ट्यांवरून मात्र दर वर्षी बोलणं होतं. अडचण खरी आहे. गवत फुलोऱ्यात असतं तेव्हा त्यात कस असतो, पाच-सहा टक्के प्रथिनं, आणि बी पिकून काडी वाळली की त्याच्या निम्म्यावर येतं. म्हणजे म्हातारबांना ते दसऱ्याला हवं आणि मला ते दिवाळीपर्यंत उभं हवं, बी झडायला. त्यातून मारवेलचं बी एकदम पिकत नाही, तुऱ्याचं टोक झडतंय तोवर खालचं हिरवं. कधी मी अडून बसतो, कधी ते. एका वर्षी खंड पडला, सप्टेंबरात पण काही आलं नाही, तेव्हा मी सगळंच आधी सोडलं, मेंढ्या उपाशी दिसत असताना बियाण्याचं पुराण कोणाला सांगणार. ठोंब राहिले, कारण म्हातारबांनी स्वतःच बुडखा वीतभर झाला तेव्हा कळप काढला, मला फोन करून सांगितलं पण, की आता पुरे.

यंदा पाऊस बरा झालाय आणि त्यामुळे वाद पण बरा रंगलाय. गेल्या रविवारी बांधावर बसलो, जिभाऊ पण आले होते, काठी टेकत, गवत कोन्ही पेरस का म्हणणारे जिभाऊ आता ठोंबांना हात लावून बघतात आणि मला सांगतात हा उचलून तिकडे लाव. म्हातारबा म्हणे मारवेलची पट्टी दसऱ्याला द्या, निम्मी तरी. मी म्हटलं निम्मी देतो पण नाल्याकडची, वरच्या अंगाची नाही, म्हणजे उरलेलं बी पाण्याबरोबर आणि वाऱ्याबरोबर खाली येईल. ते म्हणे नाल्याकडच्या गवतात ओल जास्त, काडी जाड, वरची द्या. जिभाऊ मधे म्हटले, "पयलं बी झोडी ल्या, मंग दोन्ही दी टाका," आणि हे काही वाईट नव्हतं. मग असं ठरलं की दसऱ्याच्या आधी दोन दिवस त्यांच्या घरच्या बाया आणि आमच्याकडचे असे मिळून वरच्या पट्टीतलं पिकलेलं बी हाताने ओरबाडून घेतील, निम्मं बी त्यांचं, कारण त्यांना ते त्यांच्या वस्तीजवळच्या माळावर टाकायचंय, आणि त्यानंतर पाच दिवस कळप. सहावा दिवस म्हातारबांनी मागितला होता, तो मी दिलेला नाही, पण ते परत मागणार हे मला माहीत आहे.